एका नावात दोघी

नागपूरच्या रामदासपेठेतल्या रुग्णालयात माईला दाखल केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि मोठ्याने हाक मारली, "सुधाताई! सुधाताई, डोळे उघडा बरं." माईची पापणीही हलली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग नर्सने मारली, अगदी कानाशी तोंड नेऊन. मी आपला नेहमीचा खुलासा केला, "डॉक्टर, तिला पहिल्यापासूनच जरा कमी ऐकू येतं." डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. तेवढ्यात खाप्याहून माईची धाकटी बहीण, शांतामावशी, येऊन पोहोचली. मे महिन्याच्या उन्हातून आलेली, पदराने मान पुसत. तिने आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. पिशवी खुर्चीवर टाकली, खाटेवर वाकली आणि माईच्या कानात काहीतरी म्हणाली. एकच शब्द असावा. माईने डोळे उघडले. आणि नुसते उघडले नाहीत... अंगणात खेळणाऱ्या मुलीला घरातून कुणी बोलवावं तशी ती "ओ" म्हणाली. डॉक्टर खूश झाले, नर्सला म्हणाले, रिस्पॉन्स चांगला आहे. मी मात्र खाटेची दांडी धरून उभा राहिलो. माझी साठी उलटली आहे. एवढ्या वर्षांत 'सुधा' या हाकेला माईने अशी ओ दिलेली मी एकदाही ऐकली नव्हती. मावशीने तिला माहेरच्या नावाने हाक मारली होती, आणि ते नाव मला ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी माई गेली. त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, चांगलं बोलतात, "तुम्ही फार केलं तिचं" असंही म्हणतात, आणि मी मान खाली घालतो. त्यांना ते दुःख वाटतं. दुःख आहेच. पण मान खाली जाते ती लाजेने, आणि हे कुठेतरी सांगून टाकल्याशिवाय ती वर यायची नाही म्हणून हे लिहितो आहे. वर येईलच असंही नाही.

माई माझी सावत्र आई. माझी जन्मदाती आई, सुधा, मी नीट चालायलाही लागलो नव्हतो तेव्हा गेली. तिचा फोटो आमच्या महालातल्या भाड्याच्या घरात दर्शनी भिंतीवर होता, आज मनीषनगरच्या फ्लॅटमध्येही आहे. वडिलांचं दुसरं लग्न झालं ते खाप्याच्या एका सुताच्या दुकानदाराच्या मुलीशी. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे वाटायचे. वडिलांनी त्या ताटात पुन्हा 'सुधा' लिहिलं. ते आजीने ठरवलं होतं. पहिल्या लग्नात आलेली सगळी भांडी, घागरीपासून चमच्यांपर्यंत, 'सौ. सुधा' असं नाव घातलेली होती. आजी म्हणाली होती, "भांड्यांवर नाव आहेच, आता दुसरं कशाला?" हा किस्सा आमच्या घरात मुंजी-बारशांत हसत हसत सांगितला जाई. आजीच्या काटकसरीचं कौतुक म्हणून. मीही सांगितला आहे, अनेकदा, आणि चांगला रंगवून.

मी तिला माई म्हणे, कारण 'आई' म्हणायला कुणी शिकवलं नाही आणि 'सुधा' म्हणणं शक्य नव्हतं. बाकी सारे तिला सुधाच म्हणत. आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली की माई लगेच ओ देत नसे. क्षणभर थांबे, मग दचकून म्हणे, "अं? मले म्हटलं का?" तिच्या त्या 'मले'चीही घरात टिंगल होई, खाप्याची भाषा म्हणून. पण ऐकू कमी येतं हे ठरूनच गेलं. वडिलांनी एकदा तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. तेव्हा वडील घरी येऊन म्हणाले, "मग हिचं लक्ष नसतं." आम्ही सगळे हसलो. माईसुद्धा हसली. लक्ष नव्हतं ते कुणाचं, हे आज कळून काय उपयोग!

माहेराहून तिने फारसं काही आणलं नव्हतं. आणला होता तो पाणी प्यायचा एक पितळी पेला, बुडाशी जरा चेपलेला. त्याच्यावर नाव नव्हतं. नाव घालणारा गल्लीत आला तेव्हा आजीने तो पेलाही पुढे केला. भांडी लग्नकार्यात शेजारीपाजारी जात, नाव असलं की ती वळून घरी येत. माईने पेला काढून घेतला आणि म्हणाली, "राहू द्या. हा मी कोनाले देणार नाही." सासूपुढे ती इतकं ठाम बोललेली तेवढंच, असं आजीच सांगे. माई जन्मभर त्याच पेल्यातून पाणी प्यायली.

आणि अविधवा नवमी! सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. माझ्या आईचं आमच्याकडे वडील असेपर्यंत दरवर्षी होई. स्वयंपाक माई करी. पुरण, वडे, खीर, सगळं सोवळ्यात, उपाशीपोटी. बाहेरच्या खोलीत गुरुजी माझ्याकडून संकल्प म्हणवून घेत, त्यात आईचं नाव येई, सुधा, सुधा... आणि आत ओल्या पदराने सुधाच खीर ढवळत असे. मला त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही. एकदाच, मी कॉलेजात असताना, पाटावरून उठून आत गेलो तर माई मला म्हणाली, "विनू, मले कसं वाटते सांगू? माह्यं श्राद्ध मीच रांधून राहिली." मी म्हणालो, "काहीही काय बोलतेस माई, वडे दे." तिने वडे दिले.

निवृत्त झाल्यावर मला वंशावळीचं वेड लागलं. आमच्या आडनावाच्या लोकांनी कुलवृत्तांत छापायचं ठरवलं. कुलवृत्तांत म्हणजे एका कुळातल्या साऱ्या शाखांची वंशावळ आणि माहिती एकत्र केलेला जाडजूड ग्रंथ. नागपूर शाखेचं काम माझ्याकडे आलं. भोसल्यांच्या अमदानीत कोकणातून कुणी कारकून इकडे आला, त्याची पुढे सात-आठ घरं झाली, त्यांतल्या कुणाचा कुणाशी काय संबंध हे जुळवत मी दिवसभर फोन करायचो, पाहुण्यांना पकडायचो. मला उगीचच इतिहासकार झाल्यासारखं वाटायचं. त्यात मी एक पुरोगामी आग्रहही धरला. जुन्या वंशावळीत बायकांची नुसती सासरची नावं असतात, कित्येकदा तीही नसतात. मी म्हटलं, आपल्या शाखेतल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव आलंच पाहिजे. समितीच्या बैठकीत त्यावर टाळ्या पडल्या. प्रास्ताविकात त्यावर मी पानभर लिहिलंही आहे. ते पान आता माझ्याच्याने उघडवत नाही.

अडचण अशी की म्हाताऱ्या बायका माझ्याशी बोलत नसत. सासूचं माहेरचं नाव म्हटलं की "आता कोण बाई लक्षात ठेवतं" म्हणून विषय बदलत. मग मी माईला बरोबर नेऊ लागलो. ती कुरकुर करी, "तू मेलेल्यांच्या मागं लागून राहिला, मले काहून फिरवतं उन्हात?" पण यायची, साडी बदलून, हातात संत्रा बर्फीचा पुडा घेऊन. आणि तिची एक पद्धत होती. कुणाच्या घरी गेलो की ती पाणी मागे. तांब्या-पेला समोर आला की पाणी प्यायच्या आधी तो हातात फिरवून त्यावरचं नाव वाची. मग म्हणे, "हे कोनाचं वं? तुमच्या सासूबाईंचं का?" तेवढं पुरे. माळ्यावरची घागर उतरे, देवघरातलं ताम्हण येई, कुणाला मामाने काय दिलं, कुणाचं नाव लग्नात का बदललं, कोण लहानपणी कशी रडली, सगळं बाहेर पडे. मी भराभर लिहून घ्यायचो. जुनं नाव पुसून त्यावर नवं घातलेली एक घागर होती. माईने तिच्यावरून बोट फिरवलं आणि खालचं पुसलेलं नाव बोटानेच वाचलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, माई म्हणजे माझी सहायक संशोधक.

त्या फिरण्यातलाच एक प्रसंग हल्ली माझा पिच्छा सोडत नाही. महालात आमच्या लांबच्या नात्यातल्या एक काकू होत्या, अंगाने बारीक, पण गप्पांना भारी उत्सुक. नागपूरच्या, कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वड्या समोर, कूलर घरघरतोय, माईने पेला फिरवलेला, काकू रंगात आलेल्या. बोलता बोलता त्यांनी माईलाच विचारलं, "आणि तुमचं हो? तुमचं माहेरचं नाव काय?" माईने पेला खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला आता आठवतं, तिच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं होतं, बोलायला लागण्याआधी येतं तसं. आणि मी म्हणालो, "काकू, ते राहू द्या, आम्हाला अजून धंतोलीला जायचंय. तुमच्या आजेसासूबाईंचं सांगा ना तेवढं." काकूंनी आजेसासूबाईंचं सांगितलं. मी लिहून घेतलं. माईने वडी तोडून तोंडात टाकली... परतताना रिक्षात मी विचारलं, "काय गं, गप्प का?" ती म्हणाली, "वडी तिखट होती." दुसऱ्याच्या आजेसासूचं नाव मिळालं म्हणून मी खुशीत होतो.

ग्रंथ छापून आला. प्रकाशन सोहळा झाला, सभागृह भरलं होतं, मला शाल-श्रीफळ मिळालं. माई पहिल्या रांगेत बसली होती, निळी नऊवारी नेसून. जेवणाच्या वेळी तिने एक प्रत मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि आमचं पान शोधून काढलं. तिथे माझ्या वडिलांच्या नावासमोर होतं: पत्नी सुधा, माहेर अमरावती. अमरावती हे माझ्या आईचं माहेर, आणि तिचं सुधा हे नावही माहेरचंच, लग्नात न बदललेलं. मी माझ्याच घराची नोंद कशी केली असेल? शोधून केलीच नव्हती. सगळ्या शाखेचा शोध घेतल्यावर आपल्या घरचं तर माहीतच आहे म्हणून एका बैठकीत लिहून टाकली होती. वडिलांची बायको सुधा, एवढं लिहिताना मला खोटं लिहितो आहोत असंही वाटलं नाही. त्या घरातून एक सुधा गेली होती आणि एक सुधा आली होती, आणि भिंतीवरची व चुलीपुढची या दोघींना आम्ही एकच नाव घालून ठेवलं होतं, घागरींवर घालतात तसं.

माईने पान माझ्यापुढे धरलं. "विनू, यातली मी कोनती?" भोवती नातेवाईक होते, ताटं हातात होती, मी शाल अंगावरच ठेवली होती. मी वाचलं, चूक लक्षात आली. खरं तर त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण चारचौघांत सापडल्यावर माणूस जे करतो ते मी केलं. हसून म्हणालो, "अगं माई, एका नावात दोघी बसल्या. जागाही वाचली!" सगळे मोठ्याने हसले. कुणीतरी म्हणालं, आजीवर गेलाय. माईने चष्मा काढून डबीत ठेवला, ग्रंथ मिटला आणि बुंदीचा लाडू माझ्या ताटात टाकला. म्हणाली, "चांगलं छापलं गा. कागदही जाड आहे." त्यानंतर मी कधी म्हटलं, माई चल, एक घर राहिलं आहे, की ती म्हणे, "आता पाय दुखते." पाय दुखतच होते, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. मनातल्या मनात मी ठरवलं होतं की शुद्धिपत्र निघेल तेव्हा तिचं नाव घालू, तिला एकदा निवांत विचारू. निवांतपणा मला नव्हताच. दुसऱ्यांच्या आज्या शोधायच्या होत्या. म्हणजे फक्त एक प्रश्न, तोही घरातल्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारायचा... तो मी विचारला नाही.

दहाव्या दिवशी घाटावर गुरुजींनी विचारलं, "नाव?" मी म्हणालो, सुधा. हे आमचे जुने गुरुजी, आमच्या घरची श्राद्धं त्यांनी वर्षानुवर्षं केलेली. ते थांबले. "अहो, ते तर तुमच्या आईचं." मी म्हटलं, हिचंही तेच. ते म्हणाले, "लग्नातलं झालं हो ते. हिचं स्वतःचं काही असेल ना?" मी नुसता दर्भ बोटात फिरवत बसलो. माझी बायको माधुरी मागे उभी होती, तिने हळूच म्हटलं, "शांतामावशींना विचारायला हवं होतं." मावशी त्या दिवशी आली नव्हती, तिला ताप होता, आणि पिंड समोर ठेवून फोनवर विचारायचं धाडस मला झालं नाही. शेवटी गुरुजींनी नाइलाजाने सुधा म्हणूनच पिंड द्यायला लावला. कावळा बराच वेळ शिवला नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण नदीकाठी हात जोडून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, माई, कुठल्या नावाने सांगू तुला, की आता जेव.

तेराव्यानंतर मी खाप्याला गेलो. सावनेरपर्यंत बस, पुढे ऑटो. कन्हानचं पात्र बरंचसं कोरडं होतं. मावशी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. तिने मला पाणी दिलं. मी माईच्या सवयीने पेला फिरवला आणि लगेच खाली ठेवला. इकडचं तिकडचं बोलून झालं, ताप उतरल्याचं झालं. मग मी विचारलं, "मावशी, माईचं माहेरचं नाव काय होतं?"

तिचा हात डाळीत थांबला. "आता काहून पाहिजे?"

"वंशावळीत चूक झाली आहे. दुरुस्त करायची आहे."

"म्हणजे तुह्या पुस्तकासाठी."

"नाही गं. तिच्यासाठी."

"तिले तं माहीत होतं तिचं नाव," मावशी म्हणाली.

मी हात जोडले. म्हणालो, मावशी, माझं चुकलं, फार चुकलं, मला लाज वाटते आहे, पण आता तरी सांग. तिने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पाह्य बाबू, मले तुह्यावर राग नाही. तिनंच सांगून ठेवलं आहे. मागच्या दिवाळीले आली होती न ती, तवा. म्हणे, विनूनं विचारलं तं मीच सांगीन त्याले, मले लय हौस आहे सांगायची. पण मी गेल्यावर तुह्याकडे विचारायले आला, तं नको सांगू. लाजेपायी विचारलेलं नको मले." तिने पदर डोळ्यांना लावला. "आता मी काय करू? गेलेल्या बहिणीचा शब्द मोडू?"

मी म्हटलं, "दिवाळीत? मग घरी आल्यावर ती मला म्हणाली का नाही?"

"तिनं काहून म्हणावं? तू गावभर विचारत हिंडे. तिले वाटे, आज नाही तं उद्या आपली पाळी येईन." थोड्या वेळाने ती जरा मऊ झाली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू माई म्हणे ना, ते तिले आवडे. सांगे मले, पोट्ट्यानं नाव ठेवलं माह्यं. ते तुह्यं आहे, ते ठेव तू. हे आमचं आहे. हे इथंच राहू दे."

निघताना तिने मला डाळीची पिशवी दिली. मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून रडलो. शेजारचा माणूस दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. एरवी मी सांत्वन करून घेण्यात पटाईत आहे, स्वतःची समजूत मी पटकन काढतो. त्या दिवशी काही जमलं नाही. पाळी येईल म्हणून एक बाई माझ्याच शेजारी रिक्षात बसून, माझ्याच घरी भाजी निवडत वाट बघत होती. आणि मी तिला सहायक म्हणत होतो.

कुलवृत्तांताच्या शुद्धिपत्रासाठी मी मजकूर पाठवला: पहिली पत्नी सुधा, माहेर अमरावती, द्वितीय पत्नी, पुढे मोकळी जागा, माहेर खापा. समितीच्या चिटणिसांचा पुण्याहून फोन आला. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "विनायकराव, मोकळी जागा छापली तर मुद्रणदोष वाटेल. 'नाव अज्ञात' असं घालू का? इतरत्र आपण तसंच केलं आहे." मी म्हटलं, अज्ञात नाही हो. नाव होतं, तिच्या बहिणीला माहीत आहे, गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांनाही असेल. आम्ही विचारलं नाही. ते म्हणाले, "असं कसं छापणार?" मी म्हटलं, मग जागा मोकळीच ठेवा, मुद्रणदोष वाटला तर वाटू दे. त्यांनी ठेवतो म्हटलं आहे. बघू.

परवा माधुरी म्हणाली, माई ज्या भजनी मंडळात जायची त्या बायकांना तिची आठवण म्हणून पेले देऊ या. आपल्याकडे देतातच, 'अमुकतमुक हिच्या स्मरणार्थ' असं नाव घालून. मी इतवारीच्या बाजारात गेलो, स्टीलचे नको म्हटलं, पितळेचे साधे पेले घेतले. दुकानाच्या पायरीशी नाव घालणारा माणूस मशीन घेऊन बसला होता. त्याने पहिला पेला मांडीवर घेतला, मशीन सुरू केलं आणि घरघरीवरून ओरडून विचारलं, "नाव सांगा साहेब."

मी तोंड उघडलं. सुधा म्हणणार होतो, ते तोंडातच राहिलं. माई म्हणावं, तर ते मावशीने मला दिलेलं, भजनी मंडळात तिला कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं. तो मशीन हातात धरून माझ्याकडे पाहत होता. मागे एक बाई कुकर घेऊन उभी होती. मी म्हणालो, "नाव नको. तसेच द्या."

त्याने मशीन बंद केलं. "बिननावाचेच? मंडळात द्यायचे म्हणता ना?" मग पेले माझ्या पिशवीत भरत, माझ्याच भल्याचं सांगावं तसा म्हणाला, "नाव नसलं तं भांडं वापस येत नाही साहेब."

"माहीत आहे," मी म्हणालो.

माईचा तो चेपलेला पेला आमच्या ओट्यावर माठाशेजारी आहे, माधुरीने तो हलवलेला नाही. हल्ली पाणी मी त्यातूनच पितो. पिण्याआधी हातात घेऊन फिरवून बघतो, ती बघायची तसा. बोटांना फक्त चेपलेली जागा लागते.